अननस घरीं कसा कापावा

कोकणांत नारळ-पोफळीच्या बागांतून अननसाचें आंतरपीक घेण्याची वहिवाट आहे. फुटवे कोणते निवडावे, खत केव्हां द्यावें, पाणी किती सोडावें, या प्रश्नांचा बागायतदार पुष्कळ विचार करितात. परंतु तयार झालेलें फळ घरांत आल्यावर पुढें त्याचें काय करावें, याकडे बहुधा कोणी लक्ष देत नाहीं. परिणाम असा होतो कीं, ज्यानें फळ पिकविलें त्याच्याच घरीं तें आंबट लागतें, खाणाऱ्याची जीभ सोलते, आणि सोलतांना चांगला गर सालीबरोबर उकिरड्यावर जातो. मग अननस हें व्यापाऱ्यास देण्याचें फळ, आपल्या पानांत वाढण्याचें नव्हे, असा समज घरांत रूढ होतो. यांत फळाचा दोष थोडा आणि हाताळणीचा अधिक आहे. गोडी झाडावर असतांना किती भरली आणि सोलतांना सुरी किती खोल गेली, या दोन गोष्टी संभाळल्या म्हणजे अननसाइतकें सरस फळ क्वचितच सांपडेल. त्या कशा संभाळाव्या हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

मूळ ठिकाण.— अननस मूळचा दक्षिण अमेरिका खंडांतला. कोलंबस व त्याचे सोबती यांनीं १४९३ सालीं ग्वादलूप बेटावर तो प्रथम पाहिला. पुढें सोळाव्या शतकांत पोर्तुगीज लोकांनीं तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणिला. ‘अननस’ हें नांवहि मूळच्या अमेरिकन भाषेंतून पोर्तुगीजांच्या मार्फत आपल्याकडे आलेलें आहे. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत या फळाचा सुवास वाखाणला असून, आग्र्याच्या गुलअफशान बागेंत दरसाल हजारों फळें निघतात अशी नोंद केली आहे. म्हणजे हें फळ परदेशी खरें, परंतु आपल्या जमिनीशीं त्याची ओळख चारशें वर्षांहून जुनी आहे.

फळाची रचना.— कापण्याची रीत नीट समजावयाची तर फळाची घडण आधीं समजली पाहिजे. आपण ज्यास एक फळ म्हणतों तें वस्तुतः शेंदीडशें लहान फळांचा एकजीव झालेला समूह आहे. मधल्या दांड्याभोंवतीं फुलें दाटीनें येतात. प्रत्येक फुलाचें एक लहान फळ बनतें, आणि तीं सर्व परस्परांस व दांड्यास चिकटून मोठें फळ तयार होतें. सालीवर जे डोळे दिसतात त्यांतला प्रत्येक डोळा म्हणजे एका फुलाची जागा होय. फुलाचे सुकलेले अवशेष त्या खळग्यांत राहतात, म्हणून डोळा कठीण व चरचरीत लागतो. मधला जो कडक गाभा, तो फुलांचा दांडा होय.

हे डोळे कसेहि विखुरलेले नसतात. ते तिरकस ओळींनीं फळास वेढे देत वर चढतात. मोठें फळ हातांत घेऊन मोजून पाहिल्यास एका अंगास चढणाऱ्या ८ व दुसऱ्या अंगास चढणाऱ्या १३ ओळी बहुधा आढळतात. ही गोष्ट केवळ कौतुकाची नाहीं. सोलण्याची सर्वांत काटकसरीची रीत हिच्यावरच उभारलेली आहे.

गोडी केव्हां येते.— आंबा, केळें किंवा चिकू अढींत घातला म्हणजे पिकून गोड होतो, कारण त्या फळांत पीठ सांठविलेलें असतें व पिकतांना त्याची साखर बनते. अननसाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या गरांत असा पिठाचा सांठा नसतो. साखर पानांत तयार होऊन देठावाटे फळांत उतरते आणि देठ तोडतांच ही आवक कायमची थांबते. काढलेलें फळ चार दिवस ठेविल्यास साल पिवळी होईल, गर मऊ पडेल, वासहि सुटेल; परंतु गोडी रतिभरहि वाढणार नाहीं. फळ रात्रभर शेंड्यावर उलटें ठेविल्यानें तें गोड होतें असें कांहीं लोक सांगतात. तसें केल्यानें साखर नवीन निर्माण होत नाहीं हें ध्यानांत ठेवावें.

यावरून बागायतदारानें घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. दूरच्या बाजारासाठीं फळ बुडाकडील एक-दोन ओळींचे डोळे रंगूं लागतांच काढावें लागतें, नाहीं तर तें वाटेंत खराब होतें. घरच्यासाठीं मात्र तीं घाई करण्याचें कारण नाहीं. निदान निम्मी साल पिवळी होईपर्यंत फळ झाडावर राहूं द्यावें, व शक्य तर त्याहूनहि अधिक. काढतांना ओढून न तोडतां पांच ते सात सेंटिमीटर देठ ठेवून धारदार कोयत्यानें कापावें, म्हणजे बुडास जखम होऊन तेथून कुजण्याची भीति राहत नाहीं. व्यापाऱ्याच्या ढिगांतून उरलेलें फळ घरीं नेण्यापेक्षां घरच्यासाठीं चार झाडें खूण करून राखणें केव्हांहि चांगलें.

बाजारांतील फळाची निवड.— फळ विकत घ्यावयाचें असल्यास नुसत्या रंगावर भिस्त ठेवूं नये. बागेंत एकसारखी फुलें यावीं म्हणून इथेफॉन या औषधाचा उपयोग करितात. तेंच औषध तयार फळावर मारल्यास साल लौकर पिवळी होते, पण गोडी तेवढ्यानें वाढत नाहीं. उलट मॉरिशस जातीचीं कांहीं फळें साल अर्धवट हिरवी असतांनाहि आंतून गोड निघतात. म्हणून पुढील खुणा पाहाव्या. फळ आकाराच्या मानानें जड असावें. बुडाशीं नाक नेल्यास गोड वास यावा. वास मुळींच नसेल तर फळ कोंवळें काढलेलें आहे, व आंबूस दारूसारखा वास असेल तर तें उतरूं लागलें आहे, असें समजावें. डोळे भरून सपाट झालेले असावे. अंगठ्यानें दाबल्यास साल किंचित् दबावी, परंतु खड्डा पडूं नये. शेंड्याचें पान ओढून पाहण्याची परीक्षा सरसकट भरंवशाची नाहीं.

जातींतील भेद.— आपल्या देशांत क्यू, क्वीन व मॉरिशस या जाति विशेष आढळतात. क्यू जातीचें फळ मोठें, बहुधा दीड ते तीन किलो वजनाचें, रसाळ व फिकट पिवळ्या गराचें असतें. त्याचे डोळे रुंद पण उथळ असतात. क्वीन जातीचें फळ लहान, साधारण एक किलोच्या आसपास. गर सोन्यासारखा पिवळा, कुरकुरीत व सुवासिक. परंतु डोळे लहान व खोल गेलेले. मॉरिशस ही जात क्वीनच्याच गोत्रांतली असून केरळांत तिची लागवड मोठी आहे. तेथील वाळक्कुळम् गांवच्या अननसास २००९ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला, व त्रिपुरांतील क्वीन जातीस तो मान २०१५ सालीं मिळाला. सोलणाऱ्यानें यांतून एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, क्यूस उथळ खांच पुरते व क्वीनला ती थोडी खोल घ्यावी लागते.

साधनें.— एक लांब पात्याची धारदार सुरी, एक लहान टोंकदार सुरी, लाकडी पाट व रस गोळा होण्यासाठीं परात, एवढें साहित्य पुरे. सुरी न गंजणाऱ्या पोलादाची असावी. साध्या लोखंडाच्या विळीनें आंबट रसाशीं संयोग होऊन गरास लोखंडाचा वास येतो व फोडी काळसर पडतात. बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यांत फोडी ठेवूं नयेत, त्या कळकतात. हातास चीर पडलेली असेल तर रस फार झोंबतो, म्हणून रबरी हातमोजे घालावे.

सोलण्याची रीत.— प्रथम अख्खें फळ वाहत्या पाण्याखालीं काथ्यानें घांसून धुवावें व पुसून कोरडें करावें. डोळ्यांच्या खांचांत माती व लहान किडे दडलेले असतात. न धुतां सोलल्यास सुरीबरोबर ती सर्व घाण गरास लागते.

नंतर एका हातानें फडक्यांत फळ धरावें व दुसऱ्या हातानें शेंडा मुळाशीं धरून पिळावा. तो अखंड निघून येतो व लावणीस उपयोगी पडतो. मग डोक्याकडून व बुडाकडून साधारण एकेक सेंटिमीटर जाडीची चकती कापून टाकावी. फळ पाटावर बुडावर उभें करावें. सुरी वरून खालीं, फळाच्या फुगीर अंगाप्रमाणें वळवीत नेऊन, साल पातळ पट्ट्यांनीं उतरवावी. डोळे गरांतच राहिले तरी चिंता करूं नये. ते या वेळीं राहिलेच पाहिजेत.

येथेंच बहुतेक लोकांचें नुकसान होतें. डोळे एका दमांत निघून जावे म्हणून ते साल जाड काढतात. त्यानें किती गर जातो याचा हिशेब करून पाहावा. समजा, फळाचा व्यास बारा सेंटिमीटर आहे. अर्ध्या सेंटिमीटरची पातळ साल काढल्यावर गराची त्रिज्या साडेपांच सेंटिमीटर राहते. आतां डोळ्यांसाठीं आणखी एक सेंटिमीटर सरसकट कापलें तर त्रिज्या साडेचार होते. वर्तुळाचें क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें पहिल्याचें मान ३०.२५ व दुसऱ्याचें २०.२५ येतें. म्हणजे केवळ एका सेंटिमीटरच्या जाडीपायीं गराचा तिसरा हिस्सा सालीबरोबर गेला! उलट मधला गाभा अडीच सेंटिमीटर जाड धरला तरी त्याचा वांटा शेंकडा पांचांहून थोडा अधिक इतकाच भरतो. लोक गाभा टाकतांना हळहळतात आणि कडेचा गर बेधडक टाकतात. हिशेब मात्र याच्या अगदीं उलट आहे.

म्हणून डोळे निराळे काढावे. सोललेलें फळ पाटावर आडवें ठेवावें. डोळ्यांच्या ज्या तिरकस ओळींत डोळे एकमेकांस अधिक जवळ दिसतील ती दिशा धरावी. ओळीच्या एका कडेनें सुरी आंतल्या बाजूस तिरपी धरून लांब छेद द्यावा, मग दुसऱ्या कडेनें पहिल्या छेदास मिळेल असा दुसरा छेद द्यावा. दोहोंमधील पाचरीसारखी बारीक पट्टी, तीन-चार डोळ्यांसह, उचलून निघते. याप्रमाणें फळ फिरवीत एकेक ओळ काढीत जावें. शेवटीं फळावर मळसूत्रासारख्या खांचा उमटतात व मधले गराचे उंचवटे शाबूत राहतात. पहिल्या एक-दोन फळांस वेळ लागेल. हात बसल्यावर मोठें फळहि थोडक्या वेळांत सोलून होतें.

फोडी करणें.— अननस बुडाकडून पिकत वर जातो. त्यामुळें बुडाचा गर सर्वांत गोड व शेंड्याकडील त्या मानानें आंबट असतो. आडव्या चकत्या करून वांटल्यास एकाच्या वांट्यास सगळी गोडी व दुसऱ्याच्या वांट्यास सगळा आंबटपणा येतो. म्हणून खाण्यासाठीं फळ उभें चिरून चार फांका कराव्या, प्रत्येक फांकेच्या कडेचा गाभा एका उभ्या छेदानें काढावा, आणि फांकेच्या पुन्हां उभ्या दोन-तीन पट्ट्या कराव्या. लहान फोडी हव्या असल्यास सर्व फळाच्या फोडी एकत्र मिसळून मग वाढाव्या. चकत्याच हव्या असल्यास बुडाकडील चकत्या तशाच खाण्यास ठेवाव्या आणि शेंड्याकडील चकत्या साखरेच्या पाकासाठीं किंवा सासवासाठीं वेगळ्या काढाव्या. ओलें खोबरें, मोहरी, मिरची व गूळ घालून केलेलें अननसाचें सासव गोमंतकांत आवडीनें खातात. त्यांत थोडा आंबट गर चांगलाच लागतो.

जीभ कां झोंबते.— अननसांत सायट्रिक आम्ल असतें, सुईसारखे अति सूक्ष्म ऑक्झलेटचे कण असतात, आणि ब्रोमेलेन नांवाचें पाचक द्रव्य असतें. हें द्रव्य मांस, दूध इत्यादिकांतील प्रथिनांचें विघटन करितें. जिभेच्या नाजूक त्वचेवरहि त्याचा अंमल थोडाबहुत चालतो. गाभ्यांत तें विशेष असतें. म्हणून फळ जून व पुरतें पिकलेलें घ्यावें, डोळे व गाभा काढावा आणि एका वेळीं बेताचें खावें. फोडींवर किंचित् मीठ भुरभुरल्यानें, किंवा त्या मिठाच्या पाण्यांतून काढल्यानें चुरचुर कमी जाणवते व आंबटपणाहि मोडतो. मात्र फोडी पाण्यांत फार वेळ बुडवून ठेवूं नयेत, त्यांतील साखर व जीवनसत्त्व पाण्यांत उतरतें. कोंवळें हिरवें फळ मुळींच खाऊं नये. तें तोंडास व पोटास अपाय करितें. ज्यांचें तोंड आलें असेल त्यांनीं, आणि अननसानें अंगावर गांधी उठतात असा ज्यांस अनुभव असेल त्यांनीं हें फळ वर्ज्य करावें.

दूध, दहीं व अननस.— याच ब्रोमेलेनमुळें कच्चा अननस दुधांत घातल्यास दूध फाटतें व कांहीं वेळानें कडू होतें. दह्यांत किंवा श्रीखंडांत घातलेल्या फोडींचेंहि तसेंच. जिलेटिनची जेली तर कच्च्या अननसानें गोठतच नाहीं. उपाय सोपा आहे. फोडी साखरेबरोबर पांच-दहा मिनिटें उकळाव्या, म्हणजे उष्णतेनें हें द्रव्य निकामी होतें व पुढें कसलाहि बिघाड होत नाहीं. अननसाच्या शिऱ्यासाठींहि फोडी आधीं साखरेंत शिजवून घ्याव्या, नंतर दूध घालावें. चायना ग्रास समुद्रांतील शेवाळापासून केलेला असून त्यांत प्रथिनें जवळजवळ नसतात, म्हणून तो कच्च्या अननसाच्या रसांतहि गोठतो.

सांठवण.— अख्खें पिकलेलें फळ हवेशीर सावलींत दोन-तीन दिवस चांगलें राहतें. तें फ्रीजमध्यें बरेच दिवस ठेवण्याची चाल मात्र चुकीची आहे. हें उष्ण प्रदेशांतलें फळ असल्यामुळें ७ अंश सेल्सियसच्या खालील थंडी त्यास मानवत नाहीं. बाहेरून चांगलें दिसलें तरी आंत गाभ्याजवळ गर तपकिरी पडतो. कापलेल्या फोडी मात्र फ्रीजमध्येंच, कांचेच्या झांकणबंद भांड्यांत ठेवाव्या व तीन-चार दिवसांत संपवाव्या. बाहेर ठेवल्यास उन्हाळ्याच्या दिवसांत एका रात्रींत त्या आंबूं लागतात. बुडबुडे दिसले किंवा दारूसारखा वास आला तर मोह न धरतां त्या टाकून द्याव्या.

उरलेल्या भागांचा उपयोग.— इतक्या काळजीनें सोललें तरी शेंडा, साल, डोळे व गाभा मिळून फळाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग बाजूस पडतो. हवाई बेटांतील डबाबंदीच्या कारखान्यासाठीं हेन्री जिनाका यानें १९११ सालीं जें सोलण्याचें यंत्र काढलें, त्यांत सालीस चिकटलेला गरहि खरवडून घेण्याची योजना केलेली होती. ज्या कारखान्यांत फळांचे डोंगर येत, त्यांसहि सालीवरचा गर सोडणें परवडलें नाहीं. मग आपण तो कां सोडावा? धुतलेल्या फळाच्या सालीवरील गर चमच्यानें खरवडून, गाभा किसून, दोहोंचा रस पिळून घ्यावा. थोडें पाणी, गूळ व मिरपूड घालून त्याचें उत्तम सरबत होतें. नुसत्या साली गुळाच्या पाण्यांत उकळून गाळल्या तरी सुवासिक पेय मिळतें. उरलेला चोथा बारीक करून कोरड्या वैरणींत थोडा थोडा मिसळल्यास गुरें खातात. नाहीं तर तो खताच्या खड्ड्यांत टाकावा.

शेंड्याचीं खालचीं कांहीं पानें काढून तो सावलींत थोडे दिवस सुकूं द्यावा, म्हणजे कापलेला भाग कुजत नाहीं. नंतर पाण्याचा निचरा होणाऱ्या जागीं, मधल्या पोग्यांत माती जाणार नाहीं अशा बेतानें, लावावा. फुटव्याच्या झाडास दीड वर्षाच्या सुमारास फळ मिळतें. शेंड्याच्या झाडास दोन वर्षें किंवा अधिकहि लागतात. तेव्हां मोठ्या लावणीस फुटवेच बरे, पण परसांतील चार झाडांस शेंडे पुरेसे आहेत.

सारांश.— घरच्यासाठीं फळ झाडावर पिकूं द्यावें. साल पातळ काढावी. डोळे ओळीनें खांचून काढावे. फांका उभ्या कराव्या. दुधांत घालण्यापूर्वीं फोडी शिजवाव्या. आणि कापलेलें फळ थंडींत, अख्खें फळ सावलींत ठेवावें. या रीतीचा लाभ स्वयंपाकघरापुरताच नाहीं. बागेच्या वाटेवर स्वतः फळ विकणाऱ्या बागायतदारास दूरच्या व्यापाऱ्यापेक्षां एक मोठी सोय असते. त्याला फळ पुरतें पिकूं देतां येतें. अशानें एक फळ गिऱ्हाईकासमोर नीट सोलून चाखावयास दिलें, तर त्याचा गुण त्यास वेगळा सांगावा लागत नाहीं. मात्र त्यासाठीं आपल्या बागेचें फळ आपण स्वतः, पुरतें पिकलेलें व नीट कापलेलें, चाखून पाहिलेलें असलें पाहिजे. कोणत्या वाफ्यांतलें गोड, कोणतें आंबट, कोणतें लौकर काढलें गेलें, हें घरच्या पाटावर जितकें कळतें तितकें व्यापाऱ्याच्या तराजूवर कळत नाहीं. येत्या हंगामांत वाचकांनीं निदान दोन फळें या रीतीनें कापून पाहावीं, व साल जाड काढलेल्या फळाचा आणि या फळाचा गर वेगवेगळा तोलून फरक स्वतः पडताळावा.